साहेबाच्या कोठ्यावरचा पिंपळ

आर्णीहून महागावकडे निघालं की डाव्या हाताला एक टेकाड लागतं. त्या टेकाडावरचं घर पाहून नवखा माणूस गाडीचा ब्रेक दाबायचाच. घर कसलं, येडपटपणा होता तो! काळ्या दगडाच्या दोन हात रुंद भिंती, त्यांत पाटीएवढ्या खिडक्या, आणि वर कवेलूंचं छप्पर इतकं उतरतं की मांजरसुद्धा त्यावर पाय ठेवायला कचरायचं. इथल्या उन्हाळ्यात माणसं लिंबाखाली खाट टाकून जीव वाचवतात, आणि इथं कोणी तरी थंडी अडवायला किल्ला बांधून ठेवलेला. बांधणारा एक स्कॉटलंडचा साहेब होता. कापसाच्या जिनिंगची यंत्रं बसवायला आला, इथंच रमला, आणि म्हातारपणी त्याला आपल्या बापाच्या शेतावरचं घर आठवायला लागलं. मग काय, जसं आठवलं तसं उभं केलं. बर्फ घसरून पडावा म्हणून छप्पर उतरतं ठेवलं. आता त्याला कोण सांगणार, बाबा रे, इथं बर्फ दिसतो तो फक्त लग्नातल्या सरबतात!

एकाच लांब छपराखाली अर्धं घर माणसांचं होतं आणि अर्धं ढोरांचं. मध्ये एक भिंत आणि तिच्यात एक दार. या भागात गोठ्याला कोठा म्हणतात, म्हणून गावानं त्या घराचं नाव ठेवलं साहेबाचा कोठा. गाव हसायचं, की एवढा मोठा साहेब आणि ढोरांशेजारी झोपतो. पण साहेबाचा कापूस बैलांवर लादून नेणाऱ्या तांड्यातल्या एका बंजारा माणसाला मात्र ते घर पहिल्या दिवसापासून पटलं होतं. पिढ्यान् पिढ्या बैलांच्या सोबतीनं झोपलेला माणूस तो. साहेब मायदेशी परत गेला तेव्हा घर आणि भोवतालचं वावर त्यालाच देऊन गेला, असं घरात सांगतात. तो माणूस धावजी आडेचा पणजोबा.

घराची पूर्वेची भिंत सगळ्यांत उंच आणि वर निमुळती होत गेलेली. तिच्या दोन्ही उतारांवर साहेबानं दगडी पायऱ्या काढल्या होत्या, थेट टोकावरच्या धुराड्यापर्यंत. साहेबाच्या मुलखात म्हणे शोभेसाठी काढतात. इथं त्या पायऱ्या माकडांना सोयीच्या झाल्या. त्याच भिंतीच्या आत, खाली, एक दांडगी चूल होती. माणूस वाकून आत शिरेल एवढी. तिच्यावर एक अखंड आडवी शिळा, आणि धूर भिंतीच्या पोटातून वर जायचा. साहेब म्हणे तिच्यापुढं पाय पसरून बसायचा. आडे कुटुंबानं तिला दुसरं काम दिलं. दिवाळीत बंजाऱ्यांच्या घरी धबुकार असतो. घरचा कर्ता चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप आणि लापशी घालतो, एकेका पूर्वजाचं नाव घेतो, आणि धूर वर गेला की समजायचं, म्हातारे जेवले. धावजीचा पणजोबा, आजा, बाप सगळे याच चुलीवर जेवायला येत आले. धावजीचा तर ठाम विश्वास होता, की इतकं सरळ धुराडं सगळ्या जिल्ह्यातल्या दुसऱ्या कुठल्याच पितरांच्या नशिबी नसेल.

धावजी माणूस कष्टाळू, निर्व्यसनी, आणि एका बाबतीत पक्का भित्रा. त्याला सांगता येत नसे. वाईट गोष्ट कोणाच्या तोंडावर सांगायची म्हटली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. बायको बिजलीबाई माहेरी गेली असताना त्यानं तिची लाडकी तांबडी गाय विकली, आणि ती परत आली तेव्हा हा दिवसभर वावरात लपून बसला. रिकाम्या दाव्यावरून तिला कळलं. संगीताचं, त्यांच्या लेकीचं, घाटंजीकडं लग्न ठरवलं तेही बिजलीबाईला सोयऱ्याच्या तोंडून कळलं. ती चिडायची, बोलायची, चार दिवस भाकर त्याच्यापुढं आपटायची, आणि मग हसायची. म्हणायची, "तुमचं तोंड देवानं जेवायलेच देल्लं काय?" घरात दोघं गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत बोलत, पण गोष्ट सांगायची तर वऱ्हाडीतच सांगावी लागते.

धाकटा राजकुमार मात्र बोलका. बापाची बोलायची राहिलेली सगळी हौस त्याच्यात उतरली होती. टेकाडावर मोबाइलची रेंज यायची नाही. ती एकाच जागी यायची, पूर्वेच्या भिंतीच्या अगदी वरच्या पायरीवर, धुराड्याला पाठ टेकून बसलं की. स्वतःचं लग्न ठरलं तेव्हापासून राजकुमारचा संध्याकाळचा मुक्काम तिथंच, होणाऱ्या बायकोशी बोलत. खालून बिजलीबाई ओरडायची, "अरे, उतर! माकडं बी लाजली तुले पाहून!" वरून तो हात हलवायचा आणि फोनमध्ये हसायचा. तो हसला की अंगणात ऐकू यायचं.

पेरणीच्या दिवसांत आर्णीहून बियाण्याच्या थैल्या घेऊन येताना त्याची दुचाकी उभ्या ट्रॉलीवर आदळली. ट्रॉलीला मागं दिवा नव्हता. लग्न झालेलं नव्हतं, म्हणून रिवाजाप्रमाणं त्याला आग दिली नाही, पुरलं. बिजलीबाई त्या वेळी एकच वाक्य बोलली. "माया लेकाले आगसुदा नाई का भेटनार?" म्हाताऱ्यांनी समजावलं, असंच असते बाई, बिनलग्नाचं लेकरू मातीतच जाते. त्यानंतर तिनं तोंड मिटलं ते मिटलंच.

वर्ष गेलं. बिजलीबाई उठायची, सारवायची, भाकरी टाकायची, ढोरांना पाणी दाखवायची, पण शब्द नाही. संगीता महिनाभर येऊन राहिली, देवऋषी झाला, यवतमाळचा डॉक्टर झाला. धावजी रोज जेवताना तिच्या तोंडाकडं बघायचा. त्या एवढ्या जाड भिंतींच्या घरात आवाज म्हणून उरला तो फक्त ढोरांच्या रवंथाचा. त्याला वाटायचं, आपण दोघंही मेलोय आणि कोणी सांगायला आलेलं नाही.

आणि मग पुढच्या पावसाळ्यात एका सकाळी ती अंगणातून ओरडली. "अवो! राजूचे बा! भायेर या, पाहा!"

धावजी भाकरीचा तुकडा हातात घेऊनच धावला. ती वर बोट दाखवत होती. धुराड्याच्या मुळाशी, वरच्या पायरीच्या सांध्यातून, पिंपळाचं बोटभर रोप उगवलं होतं. लाल कोवळी पानं वाऱ्यावर हलत होती. नेमकी तीच जागा, जिथं राजकुमार पाठ टेकून बसायचा.

"आला," ती म्हणाली. "मले मालूम होतं. तो काय मातीत राह्यनारा पोट्टा होता का?"

धावजीला झाडाचं काही वाटलं नाही. त्याला एवढंच कळलं की बायको बोलली. तो तिथंच चिखलात मटकन बसला आणि पोरासारखा रडला.

तिथून घराची तऱ्हाच बदलली. बिजलीबाई रोज सकाळी शिडीवरून छपराच्या कडेपर्यंत चढायची, तिथून साहेबाच्या पायऱ्या धरून धुराड्यापाशी, कमरेला पाण्याचा तांब्या. साठीची बाई! तांड्यातल्या बायका तोंडावर हात ठेवायच्या. ती वर बसून त्या रोपाशी बोलायची. कापसाला भाव काय निघाला, गाय व्यायली, संगीताचा पोरगा चालायला लागला, सगळं सांगायची. खाली आली की धावजीशीही बोलायची. स्वयंपाकात पुन्हा चव आली. आणि दिवाळी आली तेव्हा तिनं भिंतीतल्या चुलीपुढं आडवा हात धरला.

"इथं आग नाई पेटवाची. वर लेकराले धूर लागते."

त्या वर्षी धबुकार झाला नाही. पुढच्या वर्षीही नाही, आणि त्याच्या पुढच्याही नाही. तांड्यात कुजबुज सुरू झाली, की आडेचे म्हातारे उपाशी परत चालले. धावजीचा बाप स्वप्नात येऊन रिकामी थाळी पुढं करायचा. पण बोलत्या बायकोला पुन्हा मुकी करायची हिंमत त्याच्यात कुठून असणार? बापाला तो स्वप्नातसुद्धा काही सांगू शकला नाही.

पिंपळ मात्र वाढत होता. पिंपळच तो, त्याला दगडाचं काय! मनगटाएवढा झाला, मग पोटरीएवढा. धावजीनं एकदा चुलीत वाकून वर बघितलं तर धुराड्यात उजेडच दिसेना. मुळ्यांची जटा लोंबत खाली आली होती. त्यात पाखरांची घरटी, काड्या, वाळका पालापाचोळा. आणि आडव्या शिळेच्या वर, भिंतीत, एक भेग. आधी नख जाईल एवढी. पुढच्या वर्षी बोट जाईल एवढी.

तांड्यातला इंद्रजीत मिस्त्री आला. चांगला कामाचा माणूस, धावजीच्या भावकीतलाच. त्यानं भिंत ठोकली, भेगेत सळी घालून पाहिली, बाहेरून लांब उभं राहून एक डोळा मिटून बघितलं.

"काका, साहेबानं हे दगड चुन्यात बसोले हायेत. चुना केव्हाच झुरला आतून. त्यात ह्या मुळ्या. पहार ठोकल्यावानी रोज ठोकून राह्यल्या."

"किती दिवस काढीन भित?"

"ते मी काय सांगू? पन पडली तर आत पडीन, भायेर नाई. तुमी काकूची खाट कुठं टाकता?"

खाट त्या भिंतीलाच लागून होती. बिजलीबाईनंच ओढून नेली होती तिथं, लेकाच्या पायाशी.

"झाड कापा, काका. या उन्हायात कापून टाका. मंग भित नीट करता येते."

बिजलीबाई ढोरांच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आवाज न चढवता ती म्हणाली, "इंद्रजीत, झाडाले कोनी कुऱ्हाड लावली ना, तर मी विहिरीत दिसीन. मंग काढत बसजा."

इंद्रजीतनं पिशवी उचलली आणि गेला. धावजीनं तांड्यात जाऊन संगीताला फोन केला. आईला ती याडी म्हणायची. ती म्हणाली, "याडीले इकडं घेऊन या, बा." बिजलीबाई म्हणाली, "मी कायले जाऊ? माया लेक इथं हाय." धावजीनं खाट हलवली, तिनं परत आणली. त्यानं पुन्हा हलवली, ती खाटेशिवाय जमिनीवर झोपली, त्याच भिंतीशी. आता करावं काय माणसानं? झाड ठेवावं तर भिंत बायकोच्या अंगावर येणार. झाड कापावं तर बायको विहिरीत जाणार. सगळा चैत्र धावजी असा फिरत होता. बैल औताला जुंपायचा आणि औत न धरताच वावराच्या बांधावर बसून राहायचा. कधी कधी त्याला वाटे, आत्ताच पडावी भिंत, आपण दोघंही आत असताना, म्हणजे प्रश्नच मिटला.

मग त्याला त्याच्या स्वभावातली वाट सुचली. न सांगण्याची.

बिजलीबाई आठवडी बाजाराला गेली त्या दिवशी त्यानं गिरमिट घेतलं, कपाशीतलं तण मारायच्या औषधाची बाटली घेतली, आणि साहेबाच्या पायऱ्या चढून वर गेला. वर बसल्यावर त्याला पहिल्यांदाच दिसलं की इथून आर्णीचा रस्ता केवढा लांबपर्यंत दिसतो. पोरगं काय उगाच बसत होतं का इथं! त्यानं खोडाला मुळाशी भोकं पाडली. गिरमिटातून ओला पांढरा भुसा निघाला, त्यावर चीक आला. धावजीनं भोकांत औषध ओतलं आणि वरून चिखलाचे गोळे दाबून बसवले. "माफ कर रे, पोट्ट्या," तो म्हणाला. "तुया मायले वाचवाले दुसरं काईच नाई मायाजवळ." खाली उतरून त्यानं साबणानं दोनदा हात धुतले, आणि बिजलीबाई आली तेव्हा नेहमीप्रमाणं वावरात होता.

काही दिवसांनी पानं पिवळी पडायला लागली.

बिजलीबाई तांब्याऐवजी घागर नेऊ लागली. पानं गळायला लागली तशी ती दुपारीही चढायची. तापलेल्या दगडांवर पाय भाजायचे. वर जाऊन साडीच्या पदरानं झाडावर सावली धरून बसायची. एके दिवशी खाली उतरली ती सरळ धावजीसमोर येऊन उभी राहिली.

"झाड बिमार हाय."

"ऊन लय हाय यंदा," धावजी बैलाच्या पाठीकडं बघत म्हणाला.

ती तशीच उभी राहिली. मग म्हणाली, "आर्नीले जा. कृषी केंद्रातून दवा आना त्याच्यासाटी. तुमी आना."

धावजी गेला. दुकानाच्या पायरीवर बसून राहिला तासभर. मग झाडं हिरवी करायचं कसलंसं टॉनिक घेतलं आणि आला. वाटेत त्यानं दहादा ठरवलं की आता सांगायचं. पाण्यात ते टॉनिक कालवलं आणि बिजलीबाईकडं बादली दिली. तिनं घेतली नाही.

"तुमीच टाका. तुमच्या हातानं टाका."

तो चढला. स्वतःच्या हातानं विष दिलेल्या झाडाच्या मुळाशी त्यानं स्वतःच्या हातानं टॉनिक ओतलं, आणि धुराड्याला डोकं टेकून ढसाढसा रडला. खाली अंगणात बिजलीबाई वर बघत उभी होती. त्याला वाटलं, ती त्याच्या रडण्यानं विरघळली असेल. उतरल्यावर ती म्हणाली, "अजून काई सांगाचं हाय का?" तो म्हणाला, "नाई. होईन बरं ते." आणि ढोरांच्या दारातून पलीकडं निघून गेला.

पिंपळ पोळ्यापर्यंत पुरता वाळला. पानं गेली, फांद्या तेवढ्या उरल्या, आभाळात हात वर केल्यासारख्या. बिजलीबाईचं वर जाणं थांबलं. विहिरीकडं ती गेली नाही. धावजीनं सगळा पावसाळा तिच्यावर नजर ठेवली, विहिरीच्या तोंडावर फळ्या टाकल्या, दोर लपवला. पण ती गेली नाही, आणि मुकीही झाली नाही. कामापुरतं बोलायची. भेगही तेवढीच राहिली. धावजीच्या जिवाला जरा कुठं टेका मिळाला. दिवाळी झाली की इंद्रजीतला बोलवायचं, वाळकं खोड उतरवायचं, भिंत चुन्यानं भरून घ्यायची, असं त्याचं ठरलं. वाचलो आपण, असं त्याला पहिल्यांदा वाटलं. बाप्पा, माणसाला काय काय वाटतं!

दिवाळीच्या पाडव्याला सकाळी बिजलीबाईनं न सांगता भिंतीतली चूल सारवून घेतली, पांढऱ्या मातीनं पोतली, आणि लाकडं रचली.

"धबुकार टाका," ती म्हणाली. "आता कोनाले धूर लागते?"

धावजीला ते लागलं, पण त्याहून मोठा आनंद झाला. चार वर्षांनी म्हातारे जेवणार होते! धुराडं आधी साफ करायला हवं, आत मुळ्या आहेत, काड्या आहेत, हे त्याच्या डोक्यात आलं नाही असं नाही. आलं. पण ती आपणहून चूल पेटवते आहे, तिला आता थांब कसं म्हणायचं? थांब म्हटलं तर मुळ्यांचा विषय निघणार, मुळ्यांचा निघाला तर झाडाचा निघणार. त्यानं काडी ओढली.

निखारे झाले. धावजी आंघोळ करून, डोक्याला पटका बांधून बसला. तुपाची धार सोडली, लापशीचा घास घातला. पणजोबाचं नाव घेतलं. आज्याचं घेतलं. बापाचं घेतलं. धूर वर जाईना, खोलीत कोंडायला लागला, डोळे चुरचुरले. बिजलीबाई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "राजकुमारचं घ्या."

"राजकुमार," धावजी म्हणाला, आणि उरलेलं सगळं तूप निखाऱ्यांवर ओतलं.

भडका उडाला. लोंबणाऱ्या मुळ्यांच्या टोकाला आग लागली आणि एका क्षणात ती सुरसुरत वर चढली. घरटी, पाला, साहेबाच्या काळापासूनचं काजळ, वाळून कोळ झालेल्या मुळ्या, सगळ्या धुराड्यानं पेट घेतला. भिंतीच्या पोटात रेल्वे गेल्यासारखा आवाज सुरू झाला. भेगेतून धूर यायला लागला, मग ज्वाळा. चुलीवरची आडवी शिळा काडकन तडकली.

"ऊठ! ऊठ, बिजली!" धावजीनं तिचा दंड धरला. ती उठेना. वर बघत बसली होती. त्यानं तिला अक्षरशः ओढत मधल्या दारातून कोठ्यात नेलं, विळ्यानं ढोरांची दावी कापली, गाई बैल ओरडत बाहेर पळाले, आणि त्यांच्या मागून ही दोघं अंगणात येऊन पडली.

तांड्यातून माणसं धावली. इंद्रजीतनं विहिरीच्या मोटारीचा पाइप ओढत आणला. धुराड्याच्या तोंडातून जाळ निघत होता, आणि त्या जाळात वाळका पिंपळ शेंड्यापर्यंत पेटला होता.

बिजलीबाई उठली आणि पाइपाच्या आडवी उभी राहिली.

"कोनी पानी टाकू नोका."

"काकू, घर जाते!"

"जाऊ दे. माया लेकाले आग भेटून राह्यली."

कोणाचा हात पुढं झाला नाही. ती धावजीकडं वळली. तिच्या तोंडावर काजळी होती, आवाज अगदी रोजचा होता.

"भोकात चिखलाचे गोये तुमी बसोले. या घराच्या भिती मी लिपतो, राजूचे बा. तुमचा आंगठा मले ओयखू येत नाई का? पयल्याच दिवशी पायले मी."

धावजी धडपडत उभा राहिला.

"म्हनून तुमाले दवा आनाले धाडलं. म्हटलं, आनतानी तरी सांगसान. टाकतानी तरी सांगसान. वर बसून रडले तुमी, तवा वाटलं, आता उतरून सांगतेत. मी हो म्हटलं असतं, हो. मलेबी दिसत होती भेग. पन माया लेकाले मारलं आन् मलेच सांगाले लाजले?"

त्यानं बोलायला पाहिजे होतं. सगळा तांडा उभा होता, पण त्याला फक्त तीच दिसत होती, आणि त्यानं बोलायलाच पाहिजे होतं. ओठ हलले. आवाज आला नाही. तेवढ्यात मुळ्यांनी जे आवळून धरलं होतं ते सुटलं. पूर्वेची भिंत आधी पोटात खचली, मग वरून साहेबाच्या पायऱ्या एकेक करत निखळल्या, आणि सगळं आत कोसळलं. खाटेच्या जागेवर दगडांचा ढीग झाला. इंद्रजीत म्हणाला होता तसंच, आत.

संगीता आली आणि आईला घेऊन गेली. बिजलीबाईनं एक गाठोडं घेतलं. ऑटोत बसायच्या आधी तिनं गाईंच्या अंगावरून हात फिरवला, धावजीकडं बघितलं नाही. इंद्रजीत, भावकी, सगळे त्याला म्हणाले, चल तांड्यात राहायला. तो गेला नाही. छप्पर कोठ्याच्या बाजूनं शाबूत होतं. तो ढोरांसोबत राहायला लागला. दगडांचा ढीग त्यानं हलवू दिला नाही.

रेंज आता त्या ढिगावर येते. वरची पायरी गेली, तरी ढीग बराच उंच आहे. धावजी संध्याकाळी धार काढायच्या आधी त्याच्यावर चढतो आणि घाटंजीला फोन लावतो. संगीता म्हणते, "याडी जेवली, बा. बरी हाय." तो म्हणतो, "बरं." ती म्हणते, "देऊ का याडीले?" तो म्हणतो, "राहू दे." आणि उतरतो. सगळी थंडी अशी गेली.

परवा मात्र तो म्हणाला, "दे."

पलीकडं फोन हातातून हातात गेल्याचा आवाज आला. मग श्वास ऐकू आला. बिजलीबाईचाच, चाळीस वर्षं शेजारी ऐकलेला.

धावजी दगडावर बसला, फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला आणि डोळे मिटले.

"बिजली," तो म्हणाला. "झाडाले जहर म्या देल्लं."

पलीकडं संगीताचं पोर कुठं तरी खेळताना ओरडत होतं.

"मंग?" बिजलीबाई म्हणाली. "एवढंच सांगाचं होतं तर मायं घर पडेपर्यंत काहून थांबले?"

आणि तिनं फोन ठेवला.

धावजी फोन कानाशी धरून तसाच बसून राहिला. खाली कोठ्यात गाय हंबरायला लागली, वासरू ओढ घेऊ लागलं. मग तो दगड धरत धरत उतरला आणि धार काढायला गेला.